पोरसवदा कुत्रं आणि संध्याकाळची कोकरं

कामाच्या कुत्र्याची खोड आणि घरातल्या लाडक्या कुत्र्याची खोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातल्या कुत्र्यानं चप्पल फाडली तर नुकसान चपलेचं. मेंढरांच्या राखणीला ठेवलेल्या कुत्र्यानं कोकराचा कान फाडला, तर ज्यासाठी त्याला रोज भाकरी घालायची त्या कामावरच पाणी पडतं. त्याहून अवघड गोष्ट अशी, की ज्या गुणावर त्याचं काम उभं राहणार असतं, तोच गुण वाढत्या वयात खोड होऊन समोर येतो. धावणं, तोंडात धरणं, पाठ न सोडणं, परक्यावर गुरकावणं. हे सगळं मारून काढलं तर कुत्रं शांत होतं खरं, पण मग रात्री लांडगा आला तरी ते शांतच राहतं.

पुढचा संवाद एका मेंढपाळ मामाचा आणि पोलीस श्वान पथकात हस्तक असलेल्या त्याच्या भाचीचा आहे. दोघंही कुणा एका माणसावर बेतलेली नाहीत. त्यांची मतं मात्र माळावर आणि प्रशिक्षणाच्या मैदानावर आजही ऐकू येणारी आहेत. जागा पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडची, इंदापूर-बारामतीच्या गवताळ माळरानाची. तिथं लांडगा अजून आहे, आणि वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तळ, पडला की पहिल्या रात्रीपासून त्याचा विचार करावा लागतो. या वाड्यावर एक जुनी कुत्री आहे, तिला सगळे म्हातारी म्हणतात. दुसरं शेरा, दहा महिन्यांचं. शेरानं काल कोकरू धरलं.

मामा : ह्ये बघ पोरी. वरनं काय दिसतंय का? न्हाई. आता मागच्या मांडीवर लोकरीत बोटं घाल.

भाची : दात लागलेत. दोन ठिकाणी. लोकर कातरून जागा मोकळी करा मामा, आणि आजच औषध लावा. माशी बसली तर किडे पडायला वेळ लागत नाही, आणि लोकरीखाली ते लवकर कळतही नाही.

मामा : त्ये करतो मी, आमच्या जन्माचं काम हाय. पर ह्या शेराचं काय? काल चांगलं दांडकं दिलं त्येला. मान धरून कोकरापाशी आणला, दावलं, आन् दिले दोन. सकाळपास्नं माझ्याकडं बघत न्हाई. समजलंय त्येला.

भाची : काय समजलंय?

मामा : आपुन चुकलो म्हून. शेपूट बघ की, पोटाखाली घातलीया.

भाची : शेपूट तुमच्यामुळं आत गेलीय, कोकरामुळं नाही. अमेरिकेत अलेक्झांड्रा होरोविट्झ म्हणून संशोधक आहेत. त्यांनी हेच तपासलं, २००९ साली ते छापून आलं. मालकानं कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, खायचं नाही असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्यानं खाल्लं की नाही हे मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. ज्या कुत्र्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं पण मालक उगाच रागावला, त्यांनीही तसाच अपराधी चेहरा केला. तो चेहरा मालकाच्या रागाला होता. आपण काय केलं याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

मामा : म्हंजे मी फुकट मारलं म्हन की.

भाची : मारलं कधी?

मामा : मेंढरं वाघरीत घातली, मोजली, भाकर खाल्ली, मंग.

भाची : म्हणजे मध्ये बराच वेळ गेला. तेवढ्यात तो पाणी प्यायला असेल, गाडीखाली जाऊन झोपला असेल. तुम्ही हाक मारली, तो उठून आला, आणि आल्यावर दांडकं बसलं. त्याच्या लेखी मार कशाचा?

मामा : हाकंला आल्याचा.

भाची : आज हाकेला येतोय का?

मामा : दोनदा बोलावला सकाळी. लांबनंच बघत बसला.

इथं मला मध्ये पडून सांगावंसं वाटतं, की मामाचा राग मला पूर्ण समजतो. कोकरू म्हणजे त्या घराचं वर्षाचं उत्पन्न असतं. पण मारानं शिकवायचं, तर मार कृतीला चिकटून, क्षणा-दोन क्षणांत बसावा लागतो. दर वेळी बसावा लागतो. आणि तो माणसाकडून आला असं कुत्र्याला वाटता कामा नये, नाहीतर ते कृती टाळत नाही, माणूस टाळतं. कळपामागं दिवसभर चालणाऱ्या माणसाला यातलं एकही जमण्यासारखं नसतं. मामाची पाठ वळली की शेरा त्याच्या नजरेबाहेर असतो, आणि हे शेराला मामापेक्षा लवकर कळतं.

मामी : (चुलीपाशी बसूनच) ह्यांच्यासमोर न्हाई धरत त्यो. ह्यास्नी वाटतंय सुधारला.

भाची : मग कधी धरतो मामी?

मामी : सांजच्याला. दिसभर कोकरं माझ्यापाशी वाघरीत. शेरा गाडीला बांधलेला, न्हाईतर त्यो वाघर वलांडून आत जातोय. सांजंला ह्ये कळप घेऊन आलं, आयांचा आवाज आला, की मी कोकरं सोडते. मंग काय, सुसाट सुटत्यात. आन् दिसभर बांधलंय बिचारं म्हून त्याच टायमाला शेरालाबी सोडते.

भाची : मामी, हेच तर.

मामी : काय हेच?

भाची : सबंध दिवसातली सगळ्यात मोठी पळापळ, आणि सकाळपासून दोरीला असलेलं दहा महिन्यांचं कुत्रं. दोन्ही तुम्ही एकाच वेळी मोकळी सोडताय. त्या वेळी धावला नाही, तर मला त्याच्या तब्येतीची काळजी वाटेल.

ज्यानं ही संध्याकाळ पाहिलेली नाही त्याच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. कळप अजून ओढ्याच्या पलीकडं असतो, धूळ दिसते, आणि मेंढ्या ओरडायला लागतात. प्रत्येक आईचा आवाज वेगळा आणि कोकराला तो ओळखता येतो. वाघरीची जाळी उचलली की कोकरं एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारत सुटतात. काही चुकीच्या मेंढीपाशी जातात, तिची ढुशी खातात, पुन्हा ओरडत पळतात. जेमतेम दहा मिनिटांत सगळं निवतं. ज्याचं त्याचं कोकरू गुडघे टेकून, शेपूट हलवत कासेला लागलेलं असतं. त्या दहा मिनिटांत शेराच्या डोळ्यांसमोर पन्नास लहान, वेगवान, किंचाळणारी जनावरं धावत असतात. ते बघून जागेवर बसून राहणं हे जुन्या, अनुभवी कुत्र्याचं काम आहे. पोरसवदा कुत्र्याकडून ती अपेक्षा करणं म्हणजे शिकवण्याआधीच परीक्षा घेणं.

मामा : धावूदे की. धावायला कोन न्हाई म्हनतंय. दात कशाला लावायचा? मला एवढंच सांग, त्यो खेळतोय का शिकार करतोय? खेळ आसंल तर मी थांबतो. शिकार आसंल तर ठेवनार न्हाई.

भाची : कोकरू पडल्यावर काय करतो?

मामी : हुंगतोय. मंग फुडचं पाय पसरून, बूड वर करून भुकतोय त्याच्याकडं बघून. उठलं न्हाई तर कान धरून वढतोय. उठलं की पुन्ना मागं.

भाची : आणि धावताना आवाज करतो?

मामी : लई. सगळ्या माळाला कळतंय.

भाची : मग खेळ आहे. शिकारीला निघालेलं कुत्रं आवाज करत नाही. मान खाली जाते, पाठ सरळ होते, नजर एकाच कोकरावर खिळते आणि पाऊल जपून पडतं. ते कान ओढत नाही, गळा नाहीतर मागची मांडी धरतं आणि झटका देतं. आणि कोकरू पडलं की ते उठावं अशी त्याची इच्छा नसते.

मामा : पर मांडीला दात हायेत की.

भाची : आहेत. खेळातसुद्धा कोकरू मरतं मामा, दमून मरतं, घाबरून मरतं. खेळ आहे म्हणून चालू द्या असं मी म्हणत नाहीये. खेळ आहे म्हणून अजून वळवता येईल, एवढंच म्हणते.

कुत्र्याची शिकार हा एकसंध प्रकार नसतो, ती एक साखळी असते. बघणं, टक लावणं, दबा धरून सरकणं, पाठलाग, पकड, मारणं, फाडणं. माणसानं हजारो वर्षांत वेगवेगळ्या कामांसाठी या साखळीच्या वेगवेगळ्या कड्या ठळक किंवा मंद केल्या. स्कॉटलंडच्या सीमेवरचं बॉर्डर कोली टक लावतं, दबा धरतं, पाठलाग करतं आणि तिथंच थांबतं. त्याच अर्ध्या शिकारीवर तिथला मेंढपाळ शेकडो मेंढरं हाकतो. राखणीच्या कुत्र्यात मात्र ही सगळी साखळीच मंद हवी, कारण त्याला मेंढरांत राहायचं असतं, मेंढरांना हाकायचं नसतं. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्यानं १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या हॅम्पशर कॉलेजमध्ये राखणीच्या कुत्र्यांवर मोठं काम केलं. तुर्कस्तान, इटली, युगोस्लाव्हियातल्या जातींची पिल्लं त्यांनी अमेरिकन मेंढपाळांना दिली आणि ती कशी वाढतात हे पाहिलं. त्यात जे दिसलं ते मामाच्या वाड्यावर काल दिसलं तेच आहे: तारुण्यात शिरताना मंद साखळीचेही तुकडे खेळात वर येतात. पाठलागाचा एक तुकडा, पकडीचा एक तुकडा. त्या काळात कुत्र्याला हा खेळ रोज खेळायला मिळाला तर तो मुरतो. मिळालाच नाही, तर बहुतेकांच्या बाबतीत वयाबरोबर विरतो.

माझं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ठासून सांगतो. खोड मोडण्यापेक्षा खोडीला संधी न देणं जास्त महत्त्वाचं. प्रत्येक यशस्वी पाठलाग हा कुत्र्यासाठी एक धडा असतो, आणि तो धडा देणारा आपण नसतो, कोकरू असतं.

मामा : तुमच्या कुत्र्यांचं बरं हाय. चेंडू दावला की झालं. सरकारी भाकर, सरकारी डाक्टर.

भाची : चेंडूच्या मागं वेडं होणारं पिल्लूच आम्ही निवडतो मामा. चेंडू गवतात हरवला तर दुसरी पिल्लं सोडून देतात, ते एक पिल्लू शोधतच बसतं. आता तेच पिल्लू पट्टा चावतं, अंगावर उड्या मारतं, पिंजऱ्यात रात्रभर रडतं. घरात असतं तर लोकांनी कंटाळून देऊन टाकलं असतं. पण त्याचा तो ध्यास मोडला तर बॉम्ब कोण शोधणार? मुंबई पोलिसांचा झंजीर तुम्हाला आठवतो ना?

मामा : आठवतो की. त्र्याण्णवच्या स्फोटांनंतरचा. टीव्हीवर दावत हुते.

भाची : तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधलं त्यानं. लॅब्राडोर होता. नाकासमोर वास आणि वासामागं बक्षीस, एवढ्या एका नात्यावर ते काम चालतं. त्यामुळं आमच्याकडं खोड मोडताना सगळ्यात जास्त भीती असते ती कामच मोडण्याची. स्फोटकाचा वास आला की कुत्र्यानं गुपचूप खाली बसायचं असतं. भुंकायचं नाही, उकरायचं नाही. आता नवं कुत्रं काय करतं? बसलं की चेंडू मिळतो हे त्याच्या लक्षात येतं, आणि ते कुठंही बसायला लागतं. रिकाम्या बॅगेपाशी, खांबापाशी.

मामा : खोटं बोलतंय म्हन की.

भाची : आता त्याला पट्ट्याचा हिसका दिला, की तू खोटं का बसलास म्हणून, तर काय होईल? ते बसायलाच घाबरेल. आणि ज्या दिवशी बॅगेत खरंच काही असेल त्या दिवशी क्षणभर थबकून पुढं जाईल. त्या क्षणात माणसं मरतात. म्हणून हिसका नाही. चेंडू द्यायचा नाही, चेहरा बदलायचा नाही, पुढं चालायला लागायचं. आणि मग बघायचं, की ते बसतंय ते आपल्यामुळं तर नाही ना.

मामा : आपल्यामुळं कसं?

भाची : आपण थांबलो, श्वास रोखला, बॅगेकडं बघितलं की त्याला कळतं. कॅलिफोर्नियात असा एक प्रयोग झाला, २०११ साली तो छापून आला. वासाचा माग काढणाऱ्या कुत्र्यांच्या १८ जोड्या घेतल्या, एक हस्तक आणि एक कुत्रं अशा. हस्तकांना सांगितलं, अमुक जागी खूण आहे, तिथं वास ठेवलाय. प्रत्यक्षात कुठंच काही नव्हतं. तरी कुत्र्यांनी माल सापडल्याचं सांगितलं असं हस्तकांनी पुन्हा पुन्हा नोंदवलं, आणि माणसांना जिथं खूण दाखवली होती तिथं जास्त.

मामा : म्हंजे चूक मान्साची आन् नाव कुत्र्याचं.

मारामुळं कुत्रं बिघडतं हे नुसतं दयेपोटी म्हटलं जातं, असा समज मेंढपाळांत आहे आणि पोलिसांतही आहे. तो चुकीचा आहे. बेल्जियमच्या लष्करी कुत्र्यांचा आणि त्यांच्या हस्तकांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्या जोड्यांचं काम कच्चं होतं, त्यांच्या कुत्र्यांना हिसके आणि शिक्षा जास्त बसत असल्याचं दिसलं. शिक्षेमुळं काम कच्चं राहिलं की कच्च्या कामामुळं शिक्षा वाढली, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण शिक्षेनं काम पक्कं झालं नव्हतं, एवढं उघड आहे. कुत्र्याची दया यायलाच हवी, मला ती येते. पण इथं मामाला पटवायला दयेची गरज नाही, हिशेब पुरेसा आहे. कोकरापाशी मार खाल्लेलं कुत्रं कोकरापासून लांब झोपायला लागतं, आणि कळपापासून लांब झोपणाऱ्या राखणदाराचा लांडग्याला काही त्रास नसतो.

यापुढं मात्र मामाचं पारडं जड झालं, आणि तेही मनापासून सांगायला हवं.

भाची : आपण असं करू मामा. कोकरू समोर आलं आणि शेरानं नजर वळवली, की लगेच भाकरीचा तुकडा. पुन्हा आलं, पुन्हा वळवली, पुन्हा तुकडा.

मामा : ऱ्हाऊदे.

भाची : का?

मामा : तू भाकर काढलीस की आदी मेंढरं येनार. शेळी तर खिशात तोंड घालती. आन् मंग शेरा भाकर राखाया लागंल. भाकरीपाशी आलेल्या मेंढराला चावंल. आज कोकराशी खेळतोय, उद्या भाकरीपायी मेंढरू फाडंल. तसली कुत्री बघितल्यात मी.

भाची : हं.

मामा : आन् दुसरं. तुज्या कुत्र्यानं तुज्याकडं बघायचं. माज्या कुत्र्यानं माज्याकडं बघायचंच न्हाई. त्येनं मेंढराकडं बघायचं, आन् मेंढरापलीकडं बघायचं. मी झोपल्यावर त्येची नोकरी सुरू हुती. खिशातल्या भाकरीसाठी त्यो माज्या पायात घोटाळाया लागला तर कळपाला कोन?

भाची : बरोबर आहे. हे माझ्या डोक्यात नव्हतं.

मामाला हे अनुभवानं कळलेलं आहे, पण त्याला शास्त्रातही जागा आहे. केलर आणि मेरियन ब्रेलँड हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी. बक्षिसाच्या जोरावर कुठल्याही प्राण्याला काहीही शिकवता येईल, या भरवशावर त्यांनी जाहिरातींसाठी आणि करमणुकीसाठी प्राणी शिकवायला सुरुवात केली आणि अनेक जातींचे प्राणी शिकवलेही. १९६१ साली त्यांनीच लिहिलं, की ठरावीक जागी हे कोलमडतं. लाकडी नाणं उचलून डब्यात टाकायला शिकवलेलं डुक्कर सुरुवातीला झटपट काम करायचं. काही आठवड्यांनी ते नाणं वाटेतच टाकून नाकानं उकरायला, वर उडवायला लागलं. खायला मिळायचं ते या कामावरच, तरी उकरणं वाढत गेलं. खाण्याशी नाणं जोडलं गेलं आणि डुक्कर नाण्याशी खाण्यासारखं वागू लागलं. म्हणून बक्षीस कुठलं, कुठल्या जनावराला, कुठल्या कामात, हे पाहावंच लागतं. श्वान पथकाच्या मैदानावरचा चेंडू आणि माळावरची भाकर यांना एकाच मापानं मोजता येत नाही. राखणीच्या कुत्र्याला बक्षीस मिळायचं ते मेंढरांच्या सोबतीतच मिळायला हवं, आणि त्यासाठी ती सोबत त्याला लहानपणीच गोड लागलेली असावी लागते.

भाची : शेरा तुमच्याकडं कितव्या महिन्यात आला?

मामा : चार म्हयन्याचा हुता. एका वस्तीवरनं आनला. तिथं पोरांत खेळायचा.

भाची : आणि म्हातारी?

मामा : ती कळपातच जल्मली. डोळं उघडलं तवा फुडं मेंढरूच.

भाची : तिथंच फरक आहे. स्कॉट आणि फुलर नावाच्या दोघांनी कितीतरी वर्षं पिल्लं वाढवून १९६५ साली पुस्तक लिहिलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्यात वाढतं, त्यांना ते आपलं मानतं. म्हातारीला मेंढरं आपली वाटतात. शेराला पोरं आपली वाटतात, आणि कोकरं खेळणं वाटतात.

मामा : म्हंजे येळ गेली का हातची?

भाची : सोपी वेळ गेली. आता राखण जास्त लागेल, एवढंच. आणि त्याचं वयही बघा. इंग्लंडमध्ये आंधळ्यांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची पिल्लं तपासली, २०२० साली ते छापून आलं. पाचव्या महिन्यात 'बस' म्हटलं की बसणारं पिल्लू आठव्या महिन्यात सांभाळणाऱ्याचं ऐकेना. गंमत म्हणजे परक्या माणसाचं ऐकत होतं. वर्षाचं झाल्यावर पुन्हा ताळ्यावर आलं. तुमचा दहाव्यात आहे.

मामी : आपल्या थोरल्यागत.

मामा : त्यो अजून कुठं आलाय ताळ्यावर? बरं, भाकर न्हाई, दांडकं न्हाई. मंग? लोढणं घालतो.

भाची : कसं घालता?

मामा : लाकडाचा वंडका, हातभर. गळ्याच्या पट्ट्यातनं दोरी. पुढच्या पायांच्या गुडघ्यावर टेकला पायजे. चालला तर काय न्हाई, पळाया गेला की पायावर आपटतोय. आपुन कायबी बोलायचं न्हाई, त्येचं त्येलाच कळतं.

भाची : हे मला पटतं. पळण्याची शिक्षा पळण्यालाच चिकटलेली, तुमचा त्यात हात नाही. फक्त दोन गोष्टी. लाकूड जड नको, पाय सुजता कामा नये. आणि रात्री काढायचं.

मामा : रातीला का काढायचं? राती तर खोड्या करतोय.

भाची : रात्री लांडगा आला तर लोढण्यासकट तो काय लढणार? पळूनसुद्धा जाता येणार नाही. काटेरी झुडपात अडकला तर तिथंच सापडेल.

मामा : हां. त्ये खरं. पर रातीला मोकळा सोडला आन् कोकरं बाहीर आली तर?

यावर दोघांचं बराच वेळ जमेना. शेवटी तोडगा निघाला तो म्हातारीच्या नावानं. रात्री शेरा म्हातारीजवळ, पण कोकरांच्या वाघरीच्या दुसऱ्या अंगाला. म्हातारी शेराला कशी वागवते हे मामा-मामी रोज पाहत होतीच. त्यानं मेंढराच्या पायाला तोंड लावलं की ती एकदाच गुरकावते. ऐकलं नाही तर त्याचं तोंड स्वतःच्या तोंडात धरून खाली दाबते, रक्त न काढता, आणि तो ढिला पडला की सोडून निघून जाते. राग धरून बसत नाही. भाचीनं हे फार लक्ष देऊन ऐकलं. माणसाला जो नेमका क्षण कधी साधत नाही तो म्हातारीला सहज साधतो, आणि तिचा हिशेब तिथल्या तिथं मिटतो. पण म्हातारी म्हातारी आहे, तिला दिवसभर पोरगं सांभाळायला लावणं बरोबर नाही, हे मामीचं म्हणणंही तितकंच खरं.

मामा : दुसरं पिल्लू आनायचं माज्या मनात हाय. ह्याला जोडी हुईल, त्येच्याशी खेळंल, कोकरं सोडंल.

भाची : आता मुळीच नको मामा. दोन पोरसवदी कुत्री एकत्र आली की एकमेकांशी खेळत नाहीत, मिळून कोकरावर जातात. एकट्याला जे सुचत नाही ते दोघांना सुचतं. हा दोन वर्षांचा होऊ दे, आणि मग आणाल ते पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं आणा. थेट मेंढरांत ठेवा.

मामा : आन् एवढं करून ह्यानं पुन्ना धरलं तर? गळ्याला दात लावला तर? मी तवा हातात आसंल त्ये मारनार. आदी सांगून ठेवतो, मंग मला बोलायचं न्हाई.

भाची : तेव्हा कोकरू सोडवा, कसंही सोडवा. त्याला मी शिकवणं म्हणत नाही. पण त्यानंतर तो कोकरांत मोकळा फिरता कामा नये. आणि गुपचूप, नजर खिळवून, गळ्यालाच जायला लागला, तर त्याला या कामातून काढायचा. आमच्याकडंही सगळी पिल्लं पथकात राहत नाहीत. वस्तीवर, गोठ्यावर राखण करेल. त्यात त्याचा काही कमीपणा नाही.

मामा : माळावर तसलं कुत्रं लोक ठेवत न्हाईत. तुला ठावं हाय काय करत्यात.

भाची : माहीत आहे. म्हणूनच आत्ता सांगते. वेळ आली तर मला फोन करा, मी नेईन.

या मुद्द्यावर मामा काही बोलला नाही. मला भाचीचं म्हणणं इथं मनापासून पटतं. न जमणाऱ्या कुत्र्याला दुसरी जागा शोधणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे, आणि तो माणसाच्या अंगावरचा आहे, कुत्र्याच्या नव्हे.

मामी : सांजंचं माझ्याकडं लागलं. कोकरं आयांना लागली की मंगच शेराला सोडते. पर दुपारी मी पान्याला गेल्यावर कोन बघनार?

भाची : तेव्हा बांधलेलाच राहू दे, म्हातारीशेजारी, सावलीत. पण सकाळी त्याला पाय मोकळे करायला हवेत. दिवसभर दोरीला राहिला तर संध्याकाळी पुन्हा तेच.

मामा : मंग कळपासंगं नेतो सकाळचा. कोकरं न्हाईतच तिथं, भाकड मेंढरं आन् मेंढं हायेत. एखाद्या मेंढ्याची ढुशी बसली तर बरंच हाय. लोढणं घालून नेतो.

भाची : मी येते बरोबर. लांब दोरी लावून मागून चालते, दुपारपर्यंत.

मामा : पाचला उठावं लागंल.

भाची : उठते की.

मामा : मंग लोढण्याला लाकूड आत्ताच बघून ठेवतो. बाभळीचं नको, जड हुतंय. पांगाऱ्याचं मिळतंय का बघतो.